चालू इंजिन

सोमवार, ३ मार्च

ठोक्या,

तुझा पत्ता मी कंपनीच्या स्टोअरकीपरकडून काढून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस. तो बिचारा दोनदा 'मला माहीत नाही' म्हणाला. मग मी त्याच्या टेबलासमोर खुर्ची ओढली, डबा उघडला आणि जेवायला बसले, तेव्हा त्याने निमूट कागदावर लिहून दिला. बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतोस म्हणे. विमानांच्या इंजिनांवर हात बसलेला माणूस बोटीच्या पोटात आडवा पडून काय करतोय, हे त्यालाही कळत नाही आणि मलाही. फोन बंद, नंबर बदललेला, म्हणून हे पत्र. शाळेत मामाला लिहायचो त्यानंतर मी कुणालाच पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

विमान पडलं त्याला महिना होऊन गेला. तुझे भावोजी गेले, त्यांच्या शेजारी बसून उडणारा धाकटा कॅप्टन गेला, आणि त्यांना निरोप दिल्याच्या दुसऱ्या दिवशी तू गेलास. ते दोघं तरी सांगून जायच्या परिस्थितीत नव्हते. तुला काय झालं होतं?

इथलं ऐक. कंपनीने गेटवर नोटीस लावली आहे. उड्डाण होताच डाव्या इंजिनाची शक्ती गेली, आदल्या दिवशी ते इंजिन तू तपासलं होतंस, आणि तू न कळवता काम सोडून गेला आहेस. अठ्ठावीस तारखेला सुनावणी आहे. वाचणाऱ्याला आणखी काय हवं? पळाला तो चोर. आला नाहीस तर लायसन्स जाईल आणि त्याच्यामागून पोलीस येतील, हे स्टोअरकीपरने मला भाजी चावत चावत समजावून सांगितलं. भाजी माझ्याच डब्यातली.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मी तुला विचारलं होतं, तू तपासलेलंच विमान होतं ना ते? तू 'हो' म्हणालास आणि खाली बघत बसलास. तुला ते लागलं असेल. लागू दे. नवरा गेलेली बाई विचारणारच. पण पुढचं काही तू बोलला नाहीस आणि मी रागात निघून गेले.

माझं म्हणशील तर पायाला भिंगरी लागली आहे. कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला नेलं, दोन दिवसांनी परत आणलं. ड्रायव्हिंग स्कूल पुन्हा सुरू केलं आहे. सध्या एक दातांचे डॉक्टर शिकायला येतात. लोकांच्या जबड्यात सुई घालताना यांचा हात थरथरत नाही, पण चौक आला की ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतात. माझ्या बाजूचा ब्रेक नसता तर आतापर्यंत आम्ही दोघं एखाद्या दुकानात शिरलो असतो. दिवसभर तो ब्रेक दाबून दाबून आता घरी भांडी घासतानासुद्धा माझा पाय फरशीवर दाबला जातो. नाना बघतात आणि काही बोलत नाहीत. सासरे म्हणून एवढा समजूतदार माणूस मिळाला हे माझं नशीब.

मला एकच कळव. त्या इंजिनात तुझ्याकडून काही राहिलं होतं का? हो तर हो, नाही तर नाही. दोन्ही ऐकायची तयारी करून मी बसले आहे. बसले कुठली, उभीच आहे.

ताई


रविवार, ९ मार्च

ठोक्या,

तुझं पत्र आलं. त्याला पत्र म्हणायचं असेल तर. 'मी बरा आहे. नानांना सांभाळ. सुनावणीला येणार नाही. त्यांना लिहायचं ते लिहू दे.' लाइटच्या बिलावरसुद्धा याच्यापेक्षा जास्त मजकूर असतो. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठे आहे? उलटसुलट करून पाहिलं, पाकिटाच्या आतही पाहिलं.

लहानपणी तू आजोबांचा रेडिओ खोलून ठेवला होतास आणि जोडता येईना, तेव्हा तासभर मार खाल्लास पण तोंड उघडलं नाहीस. नंतर घरच्यांना कळलं की खोलला होता मी, तू फक्त जोडायला बसला होतास. तेव्हा मला तुझं कौतुक वाटलं होतं. आता अंगाचा तिळपापड होतो.

नानांचं सांगते. रोज दुपारी जेवण झालं की बूट घालतात आणि विमान पडलं त्या शेताकडे चालत जातात. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, चालायची सवय नाही, पण जातात. तिथे बांधावर लोक भेटतात. मालाचं विमान ते, आत एक दिवसाची कोंबडीची पिल्लं होती, खोकीच्या खोकी. पुष्कळ जगली. त्या सकाळी शेतभर पिवळी पिल्लं पळत होती आणि वस्तीतली माणसं ती ओंजळीत धरून घरी नेत होती. ती आता चांगली मोठी झालीत, आणि ज्यांनी नेली ते लोक नानांना थांबवून सांगतात, की तुमच्या मुलाने विमान आमच्या घरांवरून शेताकडे वळवलं, म्हणून आम्ही आहोत. पेपरातही तसंच आलं. नानांनी ते कात्रण खिशात ठेवलंय. घरी येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थोडा रंग असतो. तेवढ्यावर ते दोन घास जास्त जेवतात, म्हणून मी त्यांना जाऊ नका म्हणत नाही.

सरकारी चौकशीच्या ऑफिसातून मला बोलावणं आलंय. विमानात शेवटी दोघांचं जे बोलणं झालं त्याची टेप असते, ती घरच्या माणसांना ऐकवतात. गुरुवारी जाणार आहे. नानांना म्हटलं, तुम्ही येऊ नका, मी सांगेन काय ते. तुला काही विचारायचं असेल तर बुधवारपर्यंत कळव. फोन सुरू केलास तर काही आभाळ कोसळणार नाही.

बोटवाले तुला नीट जेवायला घालतात का?

ताई


शुक्रवार, १४ मार्च

ठोक्या,

काल जाऊन आले. टेप ऐकली. विशेष काही नव्हतं. इंजिनाचा आवाज, एक घंटी, दोघांचे दोन-चार शब्द. फार लवकर संपतं. नानांना सांगितलं, शांत होता शेवटपर्यंत. त्यांनी मान हलवली आणि बूट घातले.

आज सगळे पडदे धुतले. दातांच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा गाडी नीट उभी केली, मग आनंदाच्या भरात मागे घेतली आणि कुंडी फोडली. मी त्यांना इतकं बोलले की ते म्हणाले, बाई, तुमचे दात मी फुकट बघेन, पण ओरडू नका. मग माझं मलाच हसू आलं, आणि ते थांबेना, तेव्हा ते बिचारे गाडीतून उतरून पाणी घेऊन आले.

तुला एक विचारायचं होतं. मागे तू जेवायच्या टेबलावर दोन चपला ठेवून मला शिकवलं होतंस, आठवतं? एक चप्पल काढून घेतलीस आणि म्हणालास, ताई, एक इंजिन गेलं तरी विमान पडत नाही. दुसऱ्यावर चढतं, वळसा घेतं आणि सुखरूप उतरतं, दोन इंजिनं असतातच त्यासाठी. मी टेबलावर चपला ठेवल्या म्हणून ओरडले होते. ते खरं होतं ना, तू सांगितलेलं?

मग हे विमान का पडलं असं नोटीस लिहिणाऱ्यांना कुणीच का विचारत नाही? आणि तू का विचारत नाहीस? स्टोअरकीपर म्हणाला, कंपनीच्या माणसांपैकी शेतात पहिला पोचलेला तूच. तिथे काय पाहिलंस?

आता पडदे लावायचेत. ओलेच लावते.

ताई


सोमवार, १७ मार्च

ठोक्या,

शुक्रवारी मी खोटं लिहिलं. गाडीत बसून हे लिहिते आहे, पुढचा शिकाऊ यायला वेळ आहे. वहीखाली स्टिअरिंग आहे म्हणून अक्षर असं येतंय.

चौकशीच्या बाईंनी टेप लावायच्या आधी मला नियम समजावला. इंजिन बंद करायचं असेल तर ज्याचा हात लिव्हरवर आहे त्याने मोठ्याने म्हणायचं, 'डावं'. दुसऱ्याने स्वतः बघायचं आणि म्हणायचं, 'डावं, बरोबर.' मगच लिव्हर ओढायचा. किती साधं आहे. मी शिकाऊंना पहिल्या दिवशी हेच सांगते, आधी तोंडाने बोल, मग पाय हलव.

टेपमध्ये घंटी वाजते. तो म्हणतो, "गेलं." धाकटा म्हणतो, "हं." तो म्हणतो, "बंद करतो." धाकटा म्हणतो, "हं." बास. कुठलं ते तो बोलत नाही आणि हाही विचारत नाही. ते दोघं इतकी वर्षं एकत्र उडत होते, की त्यांना बोलावं लागत नाही याचं आपल्याला केवढं कौतुक होतं. पार्टीत सगळ्यांना हसून सांगायचा तो, आमचं हं म्हटलं की काम होतं.

मग खटका वाजतो आणि आवाज एकदम कमी होतो. मला वाटलं टेप संपली. बंद पडलेलं डावं होतं, ठोक्या. त्याने उजवं बंद केलं. चांगलं चालू असलेलं इंजिन, माझ्या नवऱ्याने, स्वतःच्या हाताने. ते पुन्हा सुरू करण्याएवढी उंची शिल्लक राहिली नव्हती.

शेवटी त्याला कळलं. तो म्हणतो, "उजवं. मी उजवं बंद केलं. माझं चुकलं." आणि मग, "शेताकडे घेतो."

लग्न झाल्यापासून मी या माणसाच्या तोंडून 'माझं चुकलं' हे शब्द ऐकलेले नव्हते. दूध उतू गेलं तर गॅसची चूक, रस्ता चुकला तर पाट्यांची चूक. किती वेळा मी भांडून म्हटलं असेल, एकदा म्हण, जीभ झडणार नाही. म्हणाला, तर अशा ठिकाणी म्हणाला जिथे मी नव्हते. मला त्याचा इतका राग आलाय, आणि तो समोर नाही, आणि मला तो हवा आहे.

आता तुझं. चौकशीच्या बाईंनी मला फोटो दाखवले. उजव्या पंख्याची पाती वाऱ्याला आडवी नव्हती, सुरीसारखी उभी फिरवलेली होती. म्हणाल्या, आतून कुणी मुद्दाम बंद केल्याशिवाय पाती अशी फिरत नाहीत, आणि इंजिनाचं काम करणाऱ्याला हे पहिल्या नजरेत कळतं. पहिला तिथे तू उभा होतास. म्हणजे हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मी तुला विचारलं तेव्हा तुला सगळं माहीत होतं. मला न सांगता तू मूग गिळून बसलास, आणि मग उठून बंदरावर गेलास, म्हणजे बोट दाखवायला लोकांना तू बरा.

तुला कुणी सांगितलं होतं मला जपायला?

डाव्या इंजिनाबद्दलही मी विचारलं. आतला एक भाग कारखान्यातूनच चिरलेला आला असावा, बाहेरून तपासणाऱ्याला दिसला नसता, असं त्यांना वाटतं. पण अहवाल यायला वर्ष जाईल. कंपनीची सुनावणी अठ्ठावीसला आहे. तिथे ही टेप आपोआप जात नाही. गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी उभं राहून मागितली तरच लावतात. धाकट्या कॅप्टनचं मागे कुणी नाही. राहिले मी आणि नाना.

मी मागितली तर नानांच्या खिशातलं कात्रण जातं. नाही मागितली तर तू जातोस. तीन दिवस मी घरात नुसती फिरते आहे. आता गाडीची काच वाजतेय, डॉक्टर आले.

ताई


सोमवार, २४ मार्च

ठोक्या,

तुझं पत्र शनिवारी आलं. या वेळी पान भरलंस, याबद्दल आभार. 'ताई, गेलेल्या माणसाला शिक्षा होत नाही. मला जी होईल ती मी भोगेन, मी एकटा आहे, कुठेही पोट भरेन. भावोजींनी मला हाताला धरून या कामाला लावलं. त्यांचं नाव तरी तुझ्याकडे राहू दे. नानांना कळता कामा नये.' सगळं ठरवून टाकलंस. मी काय सोसावं, नानांनी काय ऐकावं. त्याने 'बंद करतो' म्हटलं, आणि तू शेतात उभा राहून 'हं' म्हणालास. तुम्हा पुरुषांना ही काय खोड आहे रे?

मी काल नानांना सांगितलं.

दुपारी ते बूट घालत होते. म्हटलं, आज मी येते. शेताच्या बांधापर्यंत गेलो. पीक काढलेलं आहे, जमीन नांगरली आहे, आता तिथे काही दिसत नाही. मी टेप जशी होती तशी सांगितली. काही गाळलं नाही आणि काही घातलंही नाही. ते समोर बघत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे वस्ती वाचवली नाही त्याने?"

"वाचवली, नाना. शेताकडे त्यानेच वळवलं. तेही खरं आहे आणि आधीचंही खरं आहे."

"त्याला कळलं होतं? आपण काय केलं ते?"

"हो. माझं चुकलं म्हणाला."

ते बांधावर खाली बसले. मी हात धरायला गेले तर झटकला. मग म्हणाले, "लहानपणी मी त्याला छडीने मारायचो, तरी म्हणायचा नाही." एवढंच म्हणून रडायला लागले. मी त्यांना लग्नात हसताना पाहिलंय, सासूबाई गेल्या तेव्हा गप्प बसलेलं पाहिलंय, पण असं कधी पाहिलं नव्हतं. रस्त्यावरून एक बाई जात होती, ती थांबली आणि मग निघून गेली.

मग मी तुझं सांगितलं. तू पाती पाहिलीस, आणि सगळं समजून निघून गेलास. ते एकदम रागावले. म्हणाले, "त्याला कुणी सांगितलं हा शहाणपणा? माझ्या पोराची चूक आहे ना? मग दुसऱ्याच्या पोराने का निस्तरायची?" आणि माझ्याकडे वळून, "आणि तू दहा दिवस मला शांत होता, शांत होता सांगत होतीस."

घरी आल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत. मी केलेला चहा घेत नाहीत, स्वतः उठून करून पितात आणि साखर सगळीकडे सांडतात. आज दुपारी बूट घातले नाहीत. कात्रण खिशातच आहे की फाडून टाकलं, मला माहीत नाही, विचारायचं धाडस झालं नाही. मी बरोबर केलं का? ते पुन्हा नीट जेवतील का? मला रात्री झोप नाही आणि दिवसा खुर्चीत बसवत नाही. पण एवढं मात्र झालंय, की आज सकाळी ते दाराशी येऊन म्हणाले, अठ्ठावीसला किती वाजता निघायचं. मी वेळ सांगितली. ते इस्त्रीवाल्याकडे शर्ट टाकायला गेले.

मी टेप मागणार आहे. तुझी परवानगी विचारत नाही, कळवते आहे. तू यावंस अशी माझी इच्छा आहे. आला नाहीस तरी मी मागणार.

ताई


शुक्रवार, २८ मार्च

ठोक्या,

हे मी सुनावणीच्या हॉलमध्ये लिहिते आहे, दुसऱ्या रांगेत बसून. स्टोअरकीपरच्या हातून तुझ्याकडे पाठवते, तो मधे बसलाय आणि आपल्या दोघांकडे असा बघतोय की आता काही तरी फुटणार.

तू आत आलास तेव्हा मी मागे वळून पाहिलं नाही. बुटांच्या आवाजावरून कळलं. मग पाहिलं. केवढा वाळला आहेस. केस कुणी कापले, बोटवाल्यांनीच का? शर्टाला ऑइलचा डाग आहे. नानांनी तुला पाहिलं, आणि उठून माझ्या शेजारची खुर्ची सोडून तुझ्या बाजूला जाऊन बसले. अजून एक शब्द बोलले नाहीत ना? माझ्याशीही आज सकाळी फक्त 'चल' म्हणाले. घाई करू नकोस. बसू दे त्यांना.

मी उठून तुझ्याकडे आले तर इथेच भांडण होईल आणि साहेब लोक दोघांनाही बाहेर काढतील. म्हणून हे कागदावर. भांडायचं आहे, ते घरी. पुष्कळ आहे.

कंपनीचा माणूस उभा राहून वाचतो आहे. आता तुझं नाव त्याने घेतलं. तू मान खाली घातलीस, मी इथून पाहिलं. वर कर.

त्यांचं संपलं की विचारतील, कुटुंबाकडून कुणाला काही सांगायचं आहे का. मी उभी राहणार आहे. टेप मागायची आहे, पण लावायच्या आधी मला माझ्या तोंडाने सांगायचं आहे, की डावं इंजिन गेलं होतं आणि माझ्या नवऱ्याने उजवं बंद केलं. मशीनच्या आधी माणसाने बोलावं. घरी आरशासमोर म्हणून पाहिलं, अर्ध्यावर आवाज जातो. कागदावरून वाचलं तरी जातो.

तू उठून बाहेर जाशील अशी मला भीती आहे. तुला ती सवय आहे. आज जाऊ नकोस. तिथेच, नानांच्या शेजारी, मला दिसेल असा बस. ते म्हणताना मला कुणाकडे तरी बघावं लागणार आहे.

ताई